मुदगल आणि बीजगणित

रंगराव वस्तादांच्या तालमीत त्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. अपवाद एकच, त्यांची लाडकी नात उर्मिला. एका सकाळी ती पुण्याच्या कॉलेजचा प्रवेशअर्ज घेऊन सहीसाठी आली. तिला गणित शिकायचं होतं.

वस्ताद मिशीत हसले आणि सगळ्या पैलवानांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी साठी उलटली, मला बीजगणित एकदाही लागलं नाही. ते कुठं वापरायचं एवढं सांग, लगेच सही करतो."

पैलवान खो खो हसले. कोपऱ्यात एक जण घामाघूम होऊन लाकडी मुदगल फिरवत होता. त्याच्याकडे बोट दाखवून उर्मिलानं विचारलं, "आबा, तुम्ही एवढ्या कुस्त्या मारल्या. त्यातल्या किती कुस्त्यांत मुदगल घेऊन आखाड्यात उतरलात?"

"खुळी का काय! कुस्तीत मुदगल नेतात होय?"

"मग पोरांकडून तो रोज कशाला फिरवून घेता?"

वस्तादांनी मातीचे हात धोतराला पुसले, सही ठोकली आणि अर्ज तिच्या हातात देत म्हणाले, "जा. पण नुसता मुदगल फिरवून परत येऊ नकोस. मातीत उतर."