डाव्या पंखाची पिसं

१४ डिसेंबर १९८३, बुधवार. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

"आणि तो राहिला तर?" मी विचारलं. "दार उघडं, दोन्ही पंख शाबूत, आणि तरी तो माझ्याकडेच राहिला... तर मानाल?"

गोपीराजबाबा मठाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"काय मानायचं?"

"की त्याला माझा लळा आहे."

वैशाखात याच ओट्यावर मी फुशारकी मारली होती. आमचा राघू नऊ वर्षं घरात आहे, पिंजऱ्याला कडी लावत नाही, तरी जात नाही, नुसत्या मायेनं राहिलाय. बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "पिसं कापतोस?"

"कापतो. सगळेच कापतात."

"दोन्ही पंखांची?"

"डाव्याचीच. दोन्हीकडची कापली तर थोडंफार उडता येतं. एकीकडची कापली की तोल जातो, पडतो. चारदा पडला की नाद सोडतो."

मी शिंपी. कात्री कुठं चालवायची हे मी तेव्हा कौतुकानं सांगितलं होतं.

बाबा म्हणाले, "या खेपेला कापू नकोस."

मी कापली नाहीत. जुनी थोटकं एकेक गळाली, नवी पिसं आली. वहीत नोंद आहे: पहिलं २ ऑगस्टला, सातवं आणि शेवटचं ११ नोव्हेंबरला. त्या दिवशी पिंजऱ्याचं दारच काढून ठेवलं. महिना उलटला. राघू गेला नाही. म्हणून आज त्याला खांद्यावर बसवून आणलं होतं.

मठातल्या कमळबाई पाणी घेऊन आल्या. राघूकडे पाहून म्हणाल्या, "यालाबी दीक्षा द्यायची का, गुलाबभाऊ?"

बाबा हसले. "त्याला त्या भिंतीवर ठेव. आणि तू फाटकापाशी जाऊन उभा राहा."

भिंत छातीएवढी, दगडांची. राघूला वर ठेवलं आणि अंगण ओलांडून फाटकाशी गेलो.

थोड्या वेळानं चिंचेवरून पोपटांचा थवा ओरडत गेला.

राघूनं मान तिरकी करून एका डोळ्यानं वर पाहिलं. पंख उघडले. दोन्ही पंख सारखे उघडलेले मी नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. ते इतके रुंद असतील असं वाटलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. हे नक्की लिहून ठेवतो.

थवा दूर गेला... राघूनं पंख मिटले. दगडांच्या फटींत चोच अडकवत, एकेक पाय खाली टाकत तो भिंत उतरला. मग अंगणातून चालत निघाला. डावीकडे किंचित झुकून. वाटेत दोनदा थांबला. माझ्या चपलेशी पोचल्यावर धोतराला चोच लावून वर चढू लागला.

"बघितलंत, बाबा?" मी म्हणालो. आवाज ठरवला होता तसा निघाला नाही. "माझ्याकडेच आला."

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"आला खरा," ते म्हणाले. "पायी आला."