दवबिंदूचे बी आणि आग्रही राजा

एका राज्यात आग्रहाला धर्म मानीत असत. पाहुणा 'नको' म्हणाला की दोन वाढायचे, 'पुरे' म्हणाला की चार, आणि पानावर आडवा हात धरलाच तर बोटांच्या फटींतून वाढायचे, अशी तिथली रीत. राजा मेदिनीपाल या धर्माचा मुख्य आचार्य. त्याच्या कमरेला तलवारीच्या जागी चांदीचा डाव लटकत असे. शेजारचे राजे त्याच्यावर स्वारी करीत नसत. जिंकलो तर ठीक, पण हरलो तर जेवावे लागेल, ही धास्ती.

एकदा अग्निशिख नावाचा मांत्रिक तिथे पाहुणा आला. सात जिलब्या झाल्यावर तो म्हणाला, "पुरे." अकरा झाल्यावर म्हणाला, "महाराज, खरोखरच पुरे." सतराव्या जिलबीनंतर त्याला बोलवेना, म्हणून त्याने हात जोडले. राजाने जोडलेल्या हातांवर अठरावी ठेवली.

मांत्रिक उठला, म्हणजे दोघांनी त्याला उठवले.

"राजा, तुझ्या घरी शब्दाला किंमत नाही. मग तुझ्या लेकीला आवाज हवा कशाला?"

त्याने चिमूटभर भस्म उधळले. राजकन्या मंजुघोषेच्या ओठांवर एक चिलट बसले, तिचा आवाज घेऊन उडाले आणि राज्यातल्या कोट्यवधी चिलटांत मिसळून गेले.

राजा हादरला. मंजुघोषा एकुलती एक, आणि गादीवर बसणाऱ्याने शपथ स्वमुखाने घ्यावी, असा त्या राज्याचा नियम. त्याने उःशाप मागितला.

"ते चिलट तीन पावसाळे जगेल," मांत्रिक म्हणाला. "टाळी वाजवून माराल, तर आवाजही चिरडेल. आणि आवाज परत मिळाला, तरी तिचा पहिला शब्द ऐकला गेला नाही, तर तो कायमचा गेला म्हणून समजा."

एवढे बोलून तो ओवा चावीत निघून गेला.

प्रधानाने चिलटे पकडण्यासाठी घोडदळ पाठवले. घोडदळ डोळे चोळीत परत आले. तेव्हा कातळाच्या पठारावरची एक टिटवी दरबारात आली. टिटव्या त्या राज्यात बोलत असत. फक्त त्यांचे कोणी ऐकत नसे.

"आमच्या पठारावर दवबिंदू नावाचे रोप आहे," टिटवी म्हणाली. "पानांवर लाल केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्याला दव समजून बसते आणि अडकते. हे घ्या बी. तीन चिमटी आहे, तीन वेळा पेरता येईल. त्याला झाकू नका. विहिरीचे पाणी घालू नका. खायला काही देऊ नका."

"काहीच नाही?" राजाने दुखावल्या आवाजात विचारले.

"काहीच नाही," टिटवी म्हणाली.

पहिल्या पावसाळ्यात बी राजोद्यानाचे प्रमुख विसाजीपंत यांच्या हाती आले. बी कसले, शिंकले तर उडेल अशी काळी धूळ. पंतांना गहिवरून आले. "परगावचा पाहुणा आणि उघड्यावर झोपवायचा?" असे म्हणून त्यांनी बियांवर वीतभर काळी माती पसरली. ज्या बीला उगवायला उजेड लागतो, ते अंधारात कुजून गेले. पंत रोज सकाळी मातीला नमस्कार करीत, तेवढेच.

दुसऱ्या पावसाळ्यात प्रधानाने स्वतः लक्ष घातले. बी वाळूवर उघडेच टाकले. महिन्याभरात टाचणीच्या माथ्याएवढी रोपे उगवली. त्यांना पाहून राजाचे काळीज पिळवटले. "केवढीशी झालीत! घरी आल्यासारखी वाटतात तरी का?" त्याने राजविहिरीचे खनिजांनी भरलेले गोड पाणी घातले, वर शेणखत, आणि कोणी पाहत नाही असे बघून चमचाभर बासुंदी. चार दिवसांत रोपे काळी पडून मेली. अतिसाराने गेली, असा राजवैद्यांचा अहवाल आहे.

तिसरी चिमूट उरली. मंजुघोषेने ती मुठीत घेतली आणि चालत गावकुसाबाहेर हौसा कुंभारणीकडे गेली. हौसा गावात चिक्कू म्हणून प्रसिद्ध होती. तिच्याकडे पाहुण्याला पाणी मिळे, तेही मागितले तर.

"म्हंजे ह्याला काही द्यायचं नाही?" सोबत आलेल्या टिटवीचे म्हणणे ऐकून हौसा म्हणाली. "एवढंच ना? जन्मभर तेच करत आलेय मी."

तिने पसरट कुंडी घेतली, पठारावरची निकस वाळू आणि शेवाळ भरले, वर बी भुरभुरले आणि कुंडी पावसाच्या पाण्याच्या परातीत उजेडात ठेवली. मग ती आपल्या चाकावर जाऊन बसली.

मंजुघोषा मात्र कुंडीजवळून हलली नाही. तिच्या हातात वेताची छडी असे. ती चिलटांसाठी नव्हती, वडिलांसाठी होती.

"फक्त एक थेंब, बाळ," राजा कुंपणापलीकडून म्हणे. "तुपाचा. वासापुरता."

छडी उठे.

"सरकार, मागं व्हा," हौसा चाकावरून ओरडे. "तुमची माया लई भारी पडते."

रोपे उगवली, वाढली, लाल झाली. पावसाळा सरता सरता पानापानावर थेंब चमकू लागले आणि चिलटे येऊ लागली. एके सकाळी एक चिलट गुणगुणत आले, आणि ती गुणगुण मंजुघोषेच्या आवाजात होती. ते थेंबावर बसले. पान सावकाश मिटले.

"बाहेर काढा ते!" राजा ओरडला.

"जेवणाऱ्याला उठवू नये," टिटवी म्हणाली. राजाला हे पटले. एवढे एकच त्याला पटण्यासारखे होते.

तीन दिवसांनी पान उघडले. आत चिलटाचे कोरडे टरफल आणि एक गाणारा थेंब. रोपाने चिलट पचवले होते. आवाज काही पचला नव्हता. मंजुघोषेने थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

राजाला आनंद आवरेना. तो कुंपण ओलांडून धावला, कमरेचा डाव काढला, सोबत आणलेल्या बासुंदीत बुडवला आणि रोपावर धरला. "माझ्या लेकीचा आवाज दिलास! आता तरी तोंड गोड कर!"

"पुरे!" मंजुघोषा म्हणाली.

तो तिचा पहिला शब्द. सगळे जागच्या जागी थिजले. डावाच्या काठावर एक थेंब लोंबकळला. तीस वर्षांत हा शब्द ऐकून राजाचा हात कधी थांबला नव्हता.

राजाने दुसरा हात डावाखाली धरला. थेंब तळहातावर पडला.

"बरं," राजा म्हणाला.

"आभारी आहे, बाबासाहेब," मंजुघोषा म्हणाली, आणि आवाज तिच्यापाशीच राहिला.

दसऱ्याला तिने खणखणीत आवाजात शपथ घेतली. हौसा कोठीची अधिकारी झाली. तेव्हापासून कोठी भरलेली असते. पंगतीला अग्निशिखालाही बोलावले होते. तो घाबरत घाबरत पानावर बसला. राजाने विचारले, "किती वाढू?"

"एक," मांत्रिक म्हणाला.

राजाने एकच वाढली आणि पुढे गेला. मांत्रिकाने जिलबी संपवली, रिकाम्या पानाकडे पाहिले, पुढे गेलेल्या राजाच्या पाठीकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "महाराज, अजून एक चालेल."

शाप सुटला, राज्य सावरले. पठारावर दवबिंदू अजून चमकतात. दिसले तर नुसते बघा, आणि काही न देता घरी या.