पातेल्यातले आसव

एका गावात रुपाजी नावाचा द्राक्षमळेवाला राहत होता. तळघरातला सर्वांत जुना बुधला आपण भरला की त्याच्याही आधी वडिलांनी, हे त्याला नीट आठवत नव्हते. कधी वाटे, तो चांगल्या हंगामातला आहे. कधी वाटे, छे, तो पाऊस लांबला त्या वर्षीचा. बायकोला विचारावे, तर म्हाळसा म्हणे, "अहो, तेव्हा मी या घरात तरी आले होते का?"

नेमका तोच बुधला बाहेर काढायची वेळ आली. राजाला घोड्यांसाठी कुरण हवे होते, आणि प्रधानाने रुपाजीच्या मळ्यावर बोट ठेवले होते. राजा स्वतः पाहायला आला.

"तुझं सर्वांत जुनं द्राक्षासव आण," तो म्हणाला. "नावाजण्याजोगं असेल तर मळा राहील. नसेल तर उद्या वेली उपटू."

त्या राज्यात एक रीत होती. राजासाठी आणलेल्या बुधल्याची लाखेची मोहोर राजासमोर फोडायची आणि आसव सरळ पेल्यात ओतायचे. मध्ये दुसरे भांडे येता कामा नये. फार पूर्वी अशाच एका मधल्या भांड्यातून कोण्या राजाला विष दिले गेले होते.

रुपाजीने मोहोर फोडली आणि पेला भरला. राजाने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "पेटीत ठेवलेल्या घोंगडीसारखा वास येतोय. जीभ आखडली. आणि दातांखाली हे कचकचतंय काय?"

"माणसं कुदळी घेऊनच आली आहेत, महाराज," प्रधान म्हणाला.

रुपाजीने बुधल्याला नाक लावले. वास खरेच कोंदट होता. आसव बिघडले की काय? त्याचे वडील जुने आसव हलक्या हाताने रुंद भांड्यात ओतत, दोन घटका तसेच ठेवत आणि मगच पाहुण्यांना देत. ते आसवासाठी, की पाहुणे नेहमी उशिरा येत म्हणून? रुपाजीने कधी विचारले नव्हते. आता विचारायला वडील नव्हते.

म्हाळसाने त्याला दाराआड ओढले. "अहो, यंदाचं गोड आसव आहे ना, त्यात मध घाला, वर लाख लावा आणि दुसरा जुना बुधला म्हणून पुढे करा. कोणाला कळतंय?"

रुपाजीने मधाचे मडके हातात घेतले. क्षणभर धरून ठेवले. मग खाली ठेवले. "अगं, आज मध घातला, तर दर वर्षी मधच घालावा लागेल."

तो बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, हे बिघडलंय की नाही, ते मला सांगता येत नाही. पण मला एक पातेलं आणि दोन घटका द्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओततो."

"पातेलं?" प्रधान हसला. "आता याची आमटी करतोस काय?"

"रीत मोडते," राजा म्हणाला.

"रीत विषाच्या भीतीची आहे, महाराज. पातेलं तुमच्याच मुदपाकखान्यातलं द्या. पहिला पेला मी पितो."

राजाने मान डोलावली. चांदीचे पातेले आले. रुपाजीने बुधला तिरका केला आणि बारीक धार धरली. धार गढूळ दिसताच तो थांबला.

"थांबलास का? तळाचा दाट माल घरासाठी ठेवलास वाटतं!" प्रधान ओरडला.

"तुम्हीच घ्या की, प्रधानजी."

प्रधानाने तळातला गढूळ माल पेल्यात ओतून घेतला आणि एका दमात पेला रिकामा केला. मग बराच वेळ तो ओसरीच्या कडेला उभा राहून थुंकत होता. राजाला हसू आले.

दोन घटका गेल्या. रुपाजी पुन्हा पुन्हा पातेल्यात डोकावत होता. आसव तसेच लाल, तसेच गप्प. ठरल्याप्रमाणे त्याने पहिला पेला घेतला. चव बदलली होती का? त्याला कळेना. भ्यालेल्या माणसाच्या जिभेवर किती विश्वास ठेवावा? पेला खाली ठेवून तो बाजूला झाला.

राजाने घोट घेतला. थांबला. पुन्हा घेतला. "यात काय मिसळलंस?"

"वारा, महाराज. दुसरं काही नाही."

"आणि काढलंस काय?"

"ते प्रधानजींना विचारा."

मळा राहिला. राजाने रीतही बदलली: आसव आपल्याच भांड्यात, आपल्यासमोर ओतावे आणि थांबावे.

रुपाजीचा गोंधळ मात्र गेला नाही. त्या दोन घटकांत आसव निवळले, की प्रधानाची फजिती पाहून राजाच निवळला? हा प्रश्न त्याला कितीतरी वर्षे झोपू देईना. शेवटी त्याने एकाच रांजणातून दोन बुधले भरले आणि सहा वर्षे राखले. मग एक आधी ओतून ठेवला, दुसरा ऐन वेळी फोडला आणि अकरा शेजाऱ्यांना डोळे बांधून दोन्ही पाजले. दहा जणांनी ओतून ठेवलेलेच चांगले म्हटले. अकराव्याला पडसे झाले होते.

तात्पर्य: जे फार दिवस कोंडून राहिले आहे, त्याची पारख पहिल्या घोटावर करू नये. ते अलगद ओतावे, गाळ मागे ठेवावा आणि त्याला थोडा वारा लागू द्यावा.