हिरवा भोपळा

“ती माझी पहिली एकतारी... आहे का अजून तुमच्याकडं?”

विश्राम दारातूनच विचारत होता. पायातले बूटही काढले नव्हते. काखेत एक खोकं होतं.

भिवगीर गोसावी मठीच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आधी पाणी घे.”

“पाणी नको, बुवा. एकतारी हवी. दोन दिवसांपुरती द्या. परत आणून देतो.”

“तुझ्या कारखान्यात नाही होय रे?” बुवा हसले. “म्हणजे हलवायाच्या घरची साखर संपली म्हणायची.”

विश्राम हसला नाही.

पूर्वी तो पोस्टात होता. गावोगाव पत्रं वाटायचा, आणि संध्याकाळी अंगणात बसून कडू भोपळ्याच्या एकताऱ्या करायचा. भजनाला बसणाऱ्या कुणालाही देऊन टाकायचा. पहिली बुवांनाच दिली होती. लोक म्हणायचे, याला नाद लागलाय. मग शहरातल्या कुणीतरी एक पाहिली आणि मागणी सुरू झाली. आता पत्र्याची मोठी शेड होती, हाताखाली माणसं होती, दारावर त्याच्या नावाची पाटी होती.

त्यानं खोकं उघडून एकतारी बुवांपुढं ठेवली. चकचकीत, वर सोनेरी वेलबुट्टी.

बुवांनी भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली.

ठप्प.

“आत काय भरलंस?”

“भुसा आणि डिंक. आतून जाड थर देतो. गाडीतून जाताना फुटू नये म्हणून.” बोलता बोलता जुन्या सवयीनं त्याची मान ताठ झाली. “आजवर एकही फुटून परत आली नाही, बुवा.”

“वाजत नाही म्हणून?”

“तशीही नाही आली. वाजवतंय कोण? हॉटेलात भिंतीवर टांगतात.”

“मग बरंय,” बुवा म्हणाले. “भिंतीला कान असतात असं ऐकलंय.”

विश्रामची मान खाली गेली. तो पायरीवर बसला. बूट काढले. बराच वेळ ते हातातच धरून राहिला.

“आईनं मागितलीय...”

बुवांचा हात थांबला.

“आता उठत नाही ती. वैद्यांनी औषधही बंद केलंय. परवा म्हणाली, तुझी एकतारी ऐकव. मी शेडमधली सगळ्यात चांगली नेली, उशाशी बसलो, छेडली... तिनं डोळे उघडले. म्हणाली, पाट कशाला बडवतोस रे?”

बुवांनी मेथीची जुडी बाजूला सारली.

“मग नवी करायला बसलो. साधे वाळलेले भोपळे आणले. एकेकावर टिचकी मारत गेलो. पूर्वी कळायचं, कुठल्यात सूर आहे, कुठल्यात नाही. आता...”

“आता?”

“सगळे सारखेच ऐकू आले, बुवा.”

मेथीच्या काड्यांवर एक माशी बसत होती, उठत होती.

“तरी केली एक. ती ऐकून आई काही बोललीच नाही. भिंतीकडं तोंड केलं तिनं.”

बुवा गुडघ्यावर हात रेटून उठले. मठीमागं गेले आणि एक वाटीसारखं काहीतरी घेऊन आले. अर्धा फुटका भोपळा. कडेला टवके उडालेले, तळाशी थोडं पाणी.

“ही घे तुझी पहिली. गेल्या उन्हाळ्यात माकडानं पाडली. तोवर रोज वाजली. आता चिमण्या पाणी पितात.”

विश्रामनं पाणी हळूच ओतून दिलं. आतून बोट फिरवलं. कागदासारखी पातळ होती ती.

“किती घासली होती मी...” मग तो स्वतःशीच हसल्यासारखा म्हणाला, “एवढं सगळं उभं केलं, आणि आईपुढं हाती भोपळा.”

बुवांनी कोपऱ्यातला विळा घेतला. अंगणातल्या मांडवावर कडू भोपळ्याचा वेल होता. त्यांनी एक भोपळा चाचपून पाहिला, देठ कापला आणि तो विश्रामच्या मांडीवर ठेवला.

जड. गार. हिरवागार.

“हा कशाला? हा वाळायला पुढचा उन्हाळा उजाडेल.”

“वाळला हे कसं कळायचं रे तुला?”

“मला कुठलं! आईला कळायचं. मी कौलांवर वाळत टाकायचो. ती रोज एकेक खाली घ्यायची, कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळलं की हाक मारायची, विशा, झाला रे! मगच मी करवत लावायचो.”

तो दोन्ही हातांत भोपळा धरून बसून राहिला.

“हा खुळखुळेल तेव्हा आई नसेल, बुवा.”

बुवा पुन्हा जागेवर येऊन बसले. मेथीची जुडी पुढं ओढली. एक काडी निवडली... दुसरी निवडली...

“नसेल,” ते म्हणाले.

“मग?”

“मग कानाशी तू धर.”