दोराचा हिसका

किती वर्षं झाली कोण जाणे, एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक जण दोराला लटकून मोहोळापर्यंत उतरायचा आणि त्याचा जिवलग मित्र माथ्यावर दोर सांभाळायचा. दोर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, अशी रीत होती.

आणखी एक रीत होती. दोर सांभाळणाऱ्याच्या कमरेला कोयता असायचा. माश्या उठल्या, की त्याने खालच्याला तीन हाका मारायच्या. उत्तर आलं नाही, तर दोर कापायचा. तडफडण्यापेक्षा एकदम सुटका बरी! गाव याला दया म्हणायचं. कापणाऱ्याला फेटाही बांधायचं.

हो, फेटा.

मैपत दोर सांभाळायचा, भिवा उतरायचा. भिवाला हे काम मैपतनेच शिकवलेलं. "माश्या उठल्या की अंगावरच्या घोंगडीत शिरायचं. हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही. तासाभराने त्या आपोआप बसतात."

"तासभर गप्प? मी?" भिवा हसायचा. "त्यापेक्षा माश्या परवडल्या."

एके दिवशी मोहोळ उठलं. कडा मध्येच पुढे आलेला, त्यामुळे वरून खालचं काही दिसत नव्हतं. फक्त भिवाच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. आणि एकाएकी सगळं शांत झालं.

"भिवा!" उत्तर नाही.

"भिवा, अरे बोल!" उत्तर नाही.

तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही. मात्र दोराला एक बारीकसा हिसका बसला.

"आचके देतोय पोरगा," मागे उभा असलेला गावाचा म्होरक्या म्हणाला. "मित्र म्हणवतोस ना त्याचा? मग सोडव त्याला."

मैपतने डोळे मिटले आणि कोयता चालवला.

सगळे धावत दरीत उतरले. भिवा झुडपांत पडला होता. अंगाभोवती घोंगडी घट्ट गुंडाळलेली, चेहऱ्यावर जेमतेम चार-पाच डंख. श्वास अजून चालू होता.

"गप्प बसलो होतो रे," तो पुटपुटला. "तू शिकवलंस तसा. बोलता येत नव्हतं, म्हणून हिसका दिला..."

एवढं बोलून तो गेला.

आणि गावाने काय करावं? तिसऱ्या दिवशी म्होरक्या फेटा घेऊन मैपतच्या दारात आला! "रीत पाळलीस. मोठ्या मनाचं काम केलंस," म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. एकालाही लाज वाटली नाही.

तेवढ्यात भिवाची आई गर्दीतून पुढे आली.

"मैपत, त्याने मरण मागितलं होतं का रे?"

"नाही, काकू."

"हिसका लागला होता तुझ्या हाताला?"

मैपत म्हणाला, "लागला होता."

"मग का कापलास?"

"त्या किंकाळ्या मला सोसवत नव्हत्या."

"म्हणजे माझ्या लेकाने मरायचं, आणि सुटका तुझी व्हायची?"

म्होरक्याच्या हातातला फेटा तसाच राहिला. मैपतने कोयता काढून तिच्या पायाशी ठेवला. "काकू, मी दया केली नाही. मी त्याला मारलं," तो सर्वांसमोर म्हणाला.

त्यानंतर त्याच्या हाती कुणी दोर दिला नाही, आणि त्यानेही कधी मागितला नाही. कड्याच्या माथ्यावर बसून तो आयुष्यभर दोर वळत राहिला. पुढे त्या गावात दोर सांभाळणाऱ्याच्या कमरेला कोयता कधी दिसला नाही. तिथे दुसऱ्या दोराचं वेटोळं असायचं. खालून हाकेला उत्तर आलं नाही, तर तो दोर बांधून मित्राने स्वतः खाली उतरायचं.

तात्पर्य : समोरच्याला जगायचं आहे का, हे न पाहता केलेली दया ही हत्याच असते.