बापूसाहेबांचा हार आणि बालवाडीचा गेम

बालवाडीचे अध्यक्ष बापूसाहेब सरंजामे यांनी मुलांना वाटायला हातात धरून खेळायचे वीस व्हिडिओ गेम मागवले. त्यात गाड्या एकमेकींवर आदळत आणि खेळ कधी संपतच नसे.

शिक्षिका सुलभाताई टिपरे अडून बसल्या. "चार वर्षांच्या मुलांना हा नको. चित्रांच्या जोड्या लावायचा घ्या. तो पाच मिनिटांत आपोआप थांबतो."

"आपोआप कशाला? हाक मारली की ठेवायचा खाली," बापूसाहेब म्हणाले. "शिस्त लावा, बाई!"

बाईंनी वाद घातला नाही, पण हट्टही सोडला नाही. वाटपाच्या समारंभात त्यांनी एक गेम बापूसाहेबांच्याच हाती दिला. "उद्घाटनाचा डाव आपण खेळावा."

बापूसाहेबांनी आयुष्यात एकही हार चुकवला नव्हता. आज मात्र हार घेऊन सेविका समोर उभी राहिली, तरी त्यांचे अंगठे थांबेनात. सुलभाताईंनी हाक मारली.

"हो, हो."

पुन्हा हाक मारली.

"एवढी एक गाडी जाऊ द्या!"

तिसऱ्या हाकेला ते मान वर न करताच खेकसले, "काय कटकट आहे!"

सगळे पालक हसू लागले, तेव्हा कुठे मान वर झाली.

सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपण बासष्ट वर्षांचे, आणि समोर हार होता. माझी मुलं चार वर्षांची आहेत, आणि त्यांना मी दुधी भोपळ्याच्या भाजीसाठी हाक मारणार आहे."

आठवड्याभरात बालवाडीत जोड्यांचे गेम आले. दुकानात मात्र जुने एकोणीसच परत गेले. विसाव्याची चौकशी सुलभाताईंनी केली नाही.