दुमडलेली नदी

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. लाव पैज. मागे एका शहाण्यानं ठेवला होता, तो अजून डोकं खाजवतोय. बसलास? मांडी नीट घाल. ऐक.

एका राज्यात एक राजा होता नि एक नदी होती. राजा बेताचा, नदी चांगली. राजानं काय करावं? वरच्या घाटाला काटेरी कुंपण घातलं. म्हणाला, इथं मी एकटा अंघोळ करणार. एके सकाळी धुंधूक नावाचा मांत्रिक आला, चूळ भरायला पाणी मागू लागला. राजानं त्याला हुसकून लावलं. मांत्रिकानं नदीचं टोक धरलं, झटकलं, आणि चादर दुमडावी तशी दुमडत गेला, दुमडत गेला. रुमालाएवढं गाठोडं झालं. ते कोरड्या पात्रातल्या खडकावर ठेवलं, वर एक साळुंकी बसवली, नि चालता झाला.

आता, त्या वेळी सारजा परटिणीची लेक येसू गुडघाभर पाण्यात उभी होती. तीपण घडीत गेली.

शाप दिला की उःशाप ठेवावा लागतो, मांत्रिकांचा तसा कायदाच आहे. तो साळुंकीच्या चोचीत होता. ती म्हणाली, "तीन प्रश्न. चुकेल तो रांजण होईल. शेवटच्या प्रश्नाला जितक्या घड्या सांगाल तितक्याच उघडतील. कमी सांगाल तर उरलेली नदी गाठोड्यातच राहील, जास्त सांगाल तर फाटेल. सातव्या दिवशी ऊन कललं की सुरकुत्या पक्क्या."

सुरकुत पक्की होणं म्हणजे काय, ते सारजाला सांगायला नको. तिचं सगळं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलं होतं. सहा दिवस ती खडकापाशी बसून राहिली. गाठोड्याला कान लावला की आतून बारीक आवाज यायचा, "आये, पाय आखडले." आणि थोड्या वेळानं, "आये, हा मासा सरकत नाही."

दरबारी मंडळी मात्र मुहूर्त बघत होती. सातव्या दिवशी राजाला घेऊन राजपंडित आले. साळुंकीनं विचारलं, "कापडाला पाच घड्या घातल्या. थर किती?"

पंडित हसले. एका घडीचे दोन, तर पाच घड्यांचे दहा. झाले रांजण. पोटाचा घेर तेवढाच राहिला.

मग पुढं यायला कोणी तयार होईना. सारजा उठली. राणीचं लुगडं सात दिवस बिनधुतलं तिच्या पाटीत पडलं होतं, ते तिनं खडकावर पसरलं नि दुमडायला लागली. एक घडी, दोन थर. दुसरी घातली तर चार, कारण दुमडताना आधीचं सगळंच दुप्पट होतं. आठ. सोळा. दर घडीला आपल्या पदराच्या एका टोकाला एक गाठ मारत गेली. पाच गाठी झाल्या.

"बत्तीस," सारजा म्हणाली.

साळुंकीनं मान हलवली. "आता उलट. थर चौसष्ट दिसतात. घड्या किती?"

सारजा उलटी चालत गेली. उलगडताना थर निम्मे होतात, हे तिच्या हातांना पाठ होतं. चौसष्टचे बत्तीस, बत्तीसचे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. दर वेळी पदराच्या दुसऱ्या टोकाला एक गाठ. "सहा."

"आता नदी," साळुंकी म्हणाली. "मांत्रिकानं आधी दुमडली तेव्हा बत्तीस थर झाले. जरा दम खाल्ला. मग तेच गाठोडं पुन्हा दुमडलं, तेव्हा एकेका थराचे चौसष्ट झाले. एकंदर घड्या किती?"

ऊन कलायला वीतभर उरलं होतं. राजाला आता जोर आला. तो म्हणाला, थरांचा गुणाकार होतो, बत्तीस चौसष्टे दोन हजार अठ्ठेचाळीस थर, एवढं मला कळतं. ते त्याचं बरोबरही होतं, अधूनमधून असायचं. पण मग म्हणाला, तसाच घड्यांचा गुणाकार करायचा, पाच सक तीस. आणि सांगायला तोंड उघडलं.

सारजानं राणीचं लुगडं त्याच्या तोंडावर टाकलं.

"महाराज, तिसाला नदी फाटेल, आणि माझी लेक तिच्यात आहे."

लुगड्याआडून राजानं विचारलं, "मग बाई, काय करायचं?"

"थर गुणले जातात. पण माणूस घडीमागून घडीच घालतो. आधी पाच घातल्या, वर सहा." तिनं पदराची दोन्ही टोकं एकत्र धरली, गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या. "अकरा."

साळुंकी उडाली.

गाठोडं आपोआप उलगडायला लागलं. दोन हजार अठ्ठेचाळीस थरांचे एक हजार चोवीस झाले, मग पाचशे बारा, मग दोनशे छप्पन्न. सहाव्या उलगड्याला बत्तीस उरले, तिथं जरा थांबलं, मांत्रिकानं दम खाल्ला होता ना, तिथंच. नवव्याला एक मासा सुटला. दहाव्याला येसूची वेणी दिसली. अकरावी घडी उघडली नि थर एकच उरला. त्यालाच नदी म्हणतात.

येसू गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, "आये, राणीचं लुगडं झालं का धुऊन?"

सारजानं तिला पोटाशी धरलं नि मग लुगडं धुवायला घेतलं.

पंडित माणसात आले, पण तोंडापर्यंत भरलेले, दोन दिवस नुसत्या गुळण्या टाकत होते. राजानं कुंपण आपल्या हातानं उपटलं. धुंधूक वरच्या घाटावर आला, चूळ भरली, राजाशेजारी बसून अंघोळ करून गेला. येसूच्या वेणीला अकरा घड्यांच्या खुणा राहिल्या, त्या काही गेल्या नाहीत.

खोटं वाटतंय? मग घरी जा, पांघरायची चादर घे, नि अकरा घड्या घालून दाखव. सातवी-आठवी आली की कळेल मांत्रिकाला दम का लागला. ऊठ, माझी जागा अडवू नकोस. जा आता.